जाणारी डाक

टेंबे बाईंचा फोन आला: "येतंय सगळं, जात काहीच नाही."
मी म्हटलं, पोटाच्या डॉक्टरला लावायचा होता का?
बाई हसल्या नाहीत.
"साडेतीनला या. चारनंतर माझं गवत असतं."

पौड फाट्याच्या मागे, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
टेबलावर भिंग, जुन्या पेपरात दाबलेल्या काड्या,
आणि तो संगणक, ज्याचा पंखा
आधी विचार करतो, मग गिरणीसारखा फिरतो.
त्यात मेलचा तो प्रोग्राम,
बनवणाऱ्यांनीच कधीचा वाऱ्यावर सोडलेला.

"बदलू या का, बाई?"
"एकवीस वर्षांची पत्रं आहेत त्यात. कुळाप्रमाणे लावलेली."
कूळ म्हणजे तुमचंमाझं नव्हे, गवताचं.
मी खुर्ची पुढे ओढली.

आउटबॉक्सात चौदा पत्रं अडकलेली,
प्रत्येकावर तोच शेरा:
सर्व्हरला तुमची ओळख पटली नाही.

"पूर्वी विचारत नसे," बाई म्हणाल्या.
खरंय. पूर्वी पंचवीस नंबरच्या दारातून
कुणीही जायचं, कुणाच्याही नावानं.
त्याच दारानं लोकांनी लॉटऱ्या नेल्या, ताकदीच्या गोळ्या नेल्या,
परदेशी राजपुत्रांचे वारसे नेले,
मग ते दार बुजवलं.
आता पाचशे सत्त्याऐंशी,
आणि उंबऱ्यावर उभं राहून सांगायचं, मी तीच.

"नोव्हेंबरात बँकेत असंच झालं," बाई भिंग पुसत होत्या.
"हयातीचा दाखला. अंगठा ठेवला, यंत्र म्हणतं जुळत नाही.
चाळीस वर्षं पाती बोटांत चोळून ओळखली,
कड धारेची की लवेची,
रेषा त्यातच गेल्या असणार.
काउंटरवरचा मुलगा म्हणाला, दुसरं बोट द्या.
शेवटी अनामिका चालली.
जिला नावच नाही, तिनं सांगितलं मी जिवंत आहे."

मी काही बोललो नाही. सेटिंग उघडलं.
एका कोपऱ्यात चौकट,
जाणाऱ्या सर्व्हरला ओळख द्यावी लागते,
रिकामी. इतकी वर्षं रिकामी.
खूण केली.

पण नेहमीचा पासवर्ड घेईना.
नव्या सर्व्हरला आणखी काय काय विचारायचं असतं,
ते या म्हाताऱ्याला ऐकूच येत नाही.
अशांसाठी वेगळा पासवर्ड मिळतो:
सोळा अक्षरं, अर्थ नाही, एकदाच दिसणार.
बाई फोनवरून वाचू लागल्या.

"बी, बोथ्रिओक्लोआचा. आय, आयसेलेमाचा. टी, थेमेडाचा..."
"बाई, मला गवत कळत नाही. पुण्यातलं सांगा."
"बरं. टी, टिळक रस्ता. बी, बोपोडी.
के, केळकर रस्ता. एक्स."
"एक्स कशाचा?"
बाई थांबल्या. खिडकीबाहेर बघून आल्या.
"एक्सचं पुण्यात काही नाही."

मी एक्स टाकला.

मग 'पाठवा' दाबलं.
चौदा. तेरा. बारा.
नऊवर पंखा घुमायला लागला,
कसल्याशा कुसळाचा मोठा फोटो होता जोडलेला.
बाईंनी टेबलाची कड धरली.
आठ.
मग भराभर, शून्य.

"झालं?" "झालं."
त्यांनी तीनशे रुपये मोजून दिले, पावती मागितली,
आणि पेपराची घडी उलगडली.
चार वाजले होते.

दुसऱ्या मजल्यावर खिशात फोन थरथरला.
प्रेषक कु. वि. टेंबे. तारीख एकोणीस दिवसांपूर्वीची.

श्री. खुटवड यांस, स. न. वि. वि.
माझी पत्रे जात नसावीत असा मला संशय आहे.
हे पत्र आपणांस मिळाल्यास
ती जात आहेत असे समजावे
व येण्याची तसदी घेऊ नये.

मी पायरीवर बसलो.
वर गिरणी चालू होती.
उत्तर लिहिलं: मिळालं.